आयपीई: पाच डिग्र्यांची मुलं एकत्र बसवायची कशी आणि मार्क नक्की कशाचे द्यायचे?

शुश्रूषा_शिक्षिका

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वेळ काढून वाचा, मला खरंच मदत हवीय.

मी नर्सिंग शिकवते. यंदापासून आमच्याकडच्या आयपीईची, म्हणजे वेगवेगळ्या आरोग्य शाखांच्या मुलांना एकत्र शिकवण्याची सगळी आखणी माझ्याकडे आलीय आणि मूल्यमापनही मीच बसवायचंय. मेडिकलची 150 मुलं, नर्सिंगची 100, फार्मसीची 60, फिजिओची 50 आणि डाएटेटिक्सची (आहारशास्त्राची) फक्त 20. पाच टाइमटेबलं, पाच परीक्षा विभाग, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच की आमच्याकडे तासभर पण जागा नाही.

आधी एकदा प्रयत्न झाला होता तो सांगते. सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बसवलं, पेशंट सेफ्टीवर तीन तास व्याख्यानं झाली, शेवटी फॉर्म भरून घेतला. "इतर शाखांविषयी माझा आदर वाढला" वगैरे वाक्यांना 5 पैकी सरासरी 4.6 आली आणि सगळे खूश. पंधरा दिवसांनी त्याच बॅचची एक नर्सिंगची मुलगी आणि एक मेडिकलचा मुलगा वॉर्डमध्ये एकाच पेशंटजवळ होते, मुलाने 0.5 मिलिग्रॅमचं 5 वाचलं, मुलीच्या लक्षात आलं आणि ती गप्प राहिली. सीनियर सिस्टरने वेळेत पकडलं म्हणून पेशंटला काही झालं नाही. नंतर मी तिला विचारलं तर म्हणाली, मॅडम, त्याला जास्त माहिती असेल असं वाटलं. दोघांनीही तो फॉर्म भरला होता आणि मला खात्री आहे की दोघांनीही मनापासून भरला होता.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. ब्रिटनमधली केप ही संस्था 1987 पासून याच कामात आहे, तिची 2002 ची व्याख्या सगळीकडे वापरतात: दोन किंवा जास्त व्यवसायांची माणसं एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात, सहकार्य आणि रुग्णसेवेचा दर्जा सुधारावा म्हणून. आमच्या हॉलमध्ये "सोबत" झालं, बाकीचं काहीच झालं नाही.

तर विचारायचंय की काम कुठलं द्यावं, गट कसे पाडावेत, आणि ती मुलगी पुढच्या वेळी बोलेल का हे मोजायचं कसं?

---

जुना_प्राध्यापक

मॅडम, तुमच्या हॉलसारखे हॉल मी बरेच पाहिलेत. ही कल्पना नवी नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 1988 मध्येच यावर एक तांत्रिक अहवाल काढला होता, मग 2010 मध्ये सविस्तर कृती-आराखडा आला. म्हणजे करायला हवं याबद्दल एकमत केव्हाचंच आहे, अडतं ते कसं करायचं इथे.

स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठाचं उदाहरण वाचण्यासारखं आहे. तिथे 1986 मध्ये आरोग्याच्या शाखांना सुरुवातीचा काही आठवड्यांचा सामायिक अभ्यासक्रम लावला. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं पाऊल: 1996 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांचा खरा वॉर्ड सुरू केला, अस्थिव्यंगाचा. मेडिकल, नर्सिंग, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपीची मुलं एक टीम म्हणून खऱ्या पेशंटची जबाबदारी घेतात, मागे अनुभवी माणसं उभी असतात. पेशंटला उठवणं, अंघोळ, कपडे हे सगळ्यांनी मिळून करायचं, त्यात मेडिकलच्या मुलाला सूट नाही. पेशंटची कूस बदलताना किती माहिती मिळते हे त्या मुलाला पहिल्यांदा कळतं. नर्सला काय दिसतं जे राउंडच्या पाच मिनिटांत दिसत नाही, हे व्याख्यानातून सांगून कधीच पोचत नाही.

तुम्हाला लगेच वॉर्ड जमणार नाही, ठीक आहे. पण निकष तोच ठेवा: एकाला एकट्याने करता येणार नाही असं काम. एकट्याने करता येणारं काम सहा जणांना दिलंत तर एक जण करतो आणि पाच जण बघतात.

---

गिळणं_बोलणं

आधी एक तक्रार नोंदवते, यादीत स्पीच थेरपी नाही! आमची डिग्री तुमच्याकडे नसेल पण केसमध्ये तरी आम्हाला घ्या, कारण वरच्या निकषात तंतोतंत बसणारी केस आमच्याच कामातली आहे.

स्ट्रोकचा पेशंट. गिळायला त्रास, पातळ पाणी प्यायला की ठसका लागून श्वासनलिकेत जातं. स्पीच थेरपिस्ट तपासते आणि सांगते की सगळे द्रव घट्ट करून द्या, म्हणून स्टार्चची पावडर मिसळायची. पेशंट पडून आहे, कमी पितोय, त्यामुळे बद्धकोष्ठ. डॉक्टर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं जुलाबाचं औषध लिहितात, अगदी नेहमीचं. नर्स ते पाण्यात कालवते आणि सांगितल्याप्रमाणे त्यात घट्ट करायची पावडर टाकते. आता हे औषध आणि स्टार्च एकत्र आले की घट्टपणा मोडतो आणि द्रव परत पाण्यासारखा पातळ होतो! ब्रिटनच्या औषध नियामकाने 2021 मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. झँथन गमची पावडर असेल तर तो प्रश्न येत नाही.

यात कोणीच चुकलेलं नाही हे बघा. प्रत्येकाने आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर काम केलं आणि तरीही पेशंटच्या छातीत पाणी जाऊ शकतं. डॉक्टरला पावडर कुठली ते माहीत नाही, मला औषध लिहिलंय ते माहीत नाही, फार्मासिस्टला रसायन माहीत आहे पण पेशंटला घट्ट द्रव चालू आहेत हे त्याच्या कागदावर नाही, आणि ग्लासमध्ये पातळ झालेलं एकटी नर्स बघते. ती बोलली तरच केस सुटते.

मुलांना केस देताना माहिती वाटून द्या, प्रत्येकाला आपल्या शाखेचं पान फक्त. मग कोण कोणाला विचारतं ते बघा.

---

फिजिओ_क्लिनिकवाला

वा, केस फारच चांगली आहे. माझ्याकडून पार्किन्सन्सची एक जोडतो. लेव्होडोपा या त्यातल्या नेहमीच्या औषधाच्या डोसनंतर काही काळ पेशंट बऱ्यापैकी हलू शकतो आणि परिणाम ओसरला की जखडतो. माझं सेशन त्या चांगल्या वेळेत पडलं तर पेशंट चालतो, नाहीतर तोच माणूस खुर्चीतून उठत नाही आणि मी लिहितो "प्रगती नाही". शिवाय जेवणातली प्रथिनं त्या औषधाच्या शोषणाशी स्पर्धा करतात, म्हणजे आहारतज्ज्ञ आली. वॉर्डची औषधं वाटायची वेळ ठरलेली असते, म्हणजे नर्स आणि फार्मासिस्ट आले. चौघांनी मिळून एका पेशंटचं 24 तासांचं वेळापत्रक बसवा असं काम द्या, कागद एकच द्यायचा.

आता गटांचं. 20 डाएटेटिक्सवाल्यांना प्रत्येक गटात कोंबायच्या नादात लोक गट 19 जणांचे करतात आणि तिथेच सगळं बुडतं. तुम्ही 48 गट करा. प्रत्येकात 3 मेडिकल, 2 नर्सिंग, 1 फार्मसी, 1 फिजिओ. हिशोब करून बघा, सगळ्या शाखांची मिळून 24 मुलं उरतात, ती निम्म्या गटांत एकेक टाका. डाएटेटिक्सची मुलं गटात न बसवता कन्सल्टला ठेवा, एकेकाकडे दोन-तीन गट. गटाला आहाराचा प्रश्न पडला तर त्यांनी नीट प्रश्न लिहून पाठवायचा आणि ती व्यक्ती येऊन उत्तर देईल. प्रत्यक्षातही आहारतज्ज्ञ प्रत्येक खाटेशी नसतेच, आणि कन्सल्ट मागताना काय लिहावं हेही शिकण्यासारखंच आहे ना, "कृपया बघा" एवढंच लिहिलेल्या चिठ्ठ्या आम्ही रोज वाचतो.

---

शेवटच्या_वर्षाची

मी स्टुडंट आहे (नर्सिंग), लिहू का नको करत होते पण लिहितेच.

गटात बसवलं की काय होतं सांगते. पहिल्या दोन मिनिटांत कोणीतरी म्हणतं "तुझं अक्षर चांगलंय, तू लिही" आणि ते नर्सिंगच्याच मुलीला म्हणतात. लीडर आपोआप मेडिकलचा. फार्मसीच्या मुलाला "औषधांचं तू बघ" म्हणून एका कोपऱ्यात. फिजिओला शेवटी विचारतात, अजून काही? मग सादरीकरण होतं, सर म्हणतात छान टीमवर्क, आणि सगळ्यांना सारखे मार्क. म्हणजे आम्ही घरून जे समज घेऊन आलो तेच पक्के करून परत जातो. वर 3 मेडिकल 1 फिजिओ असं गणित दिलंय ते बरोबर असेल पण त्या एका फिजिओला तिघांपुढे बोलायला किती धाडस लागतं त्याचा पण विचार करा ना.

आणि ती जी मुलगी गप्प राहिली, तिला कोणी शिकवलं होतं का की बोलायचं म्हणजे नक्की कुठले शब्द वापरायचे? "बोलत जा" हे सगळे सांगतात, कसं ते कोणी सांगत नाही.

---

जुना_प्राध्यापक

बाळा, बरं झालं लिहिलंस, या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तूच लिहिलंयस.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं होतं की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत, त्यासाठी बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, खरं सहकार्य आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. बरोबरीचा दर्जा आपोआप येत नाही, तो बसवावा लागतो. म्हणून माहितीची पानं वाटून द्यायची कल्पना मला आवडली, तिथे एकट्या फिजिओकडचं पान तिघांपैकी कोणाकडेच नसतं.

आणि शब्दांबद्दल तुझं अगदी खरं आहे. ते शिकवता येतात. अमेरिकेत 2006 पासून टीमस्टेप्स नावाचं प्रशिक्षण आहे, त्यात एक साधा नियम आहे की धोका दिसला तर किमान दोनदा बोलायचं, पहिल्यांदा दुर्लक्ष झालं तरी. "मला काळजी वाटतेय, हा डोस दहापट वाटतोय, देण्याआधी परत बघूया." हे वाक्य तोंडाने म्हणायची सवय वर्गात झाली तर वॉर्डमध्ये निघतं. एसबीएआर पण तसंच, अमेरिकन नौदलातून आरोग्यसेवेत आलं: परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी मागणी. नर्सिंगच्या मुलांसाठी शेवटचे दोन भाग मोलाचे, कारण अंदाज आणि मागणी मांडायची मुभा त्यांना सहसा कोणी देत नाही.

---

आकडेमोड

मूल्यमापनावर लिहितो, माझं कामच ते आहे.

तुमच्या 4.6 चं नवल नाही वाटलं. दृष्टिकोन मोजणारी प्रश्नावली म्हणजे रिपल्स, 1999 ची, 19 वाक्यांची. वर्षानुवर्षं वापरली गेली आणि तिच्यावर टीकाही तेवढीच झाली. बहुतेक मुलं सुरुवातीलाच वरचे गुण देतात, मग वाढायला जागाच उरत नाही. "टीममध्ये काम करणं महत्त्वाचं आहे" याला नाही कोण म्हणेल?

दुसरी अडचण आधी-नंतर तुलनेची. कार्यक्रमाआधी मुलगा म्हणतो मला फार्मासिस्टचं काम माहीत आहे, 5 पैकी 4. नंतर त्याला कळतं की काहीच माहीत नव्हतं, आणि तो प्रामाणिकपणे 3 देतो. आकडा खाली आला पण शिकणं झालंय! यावर उपाय म्हणून आयकॅससारख्या प्रश्नावलीत शेवटी एकदाच विचारतात: आता कुठे आहात आणि मागे वळून बघता तेव्हा कुठे होता. थोडं बरं आहे, पण तेही स्वतःचं स्वतःबद्दलचं मतच.

बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षणाचा परिणाम मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या पायऱ्या आयपीईसाठी वाढवल्या त्या भिंतीवर लावून ठेवा: आवडलं का, दृष्टिकोन बदलला का, ज्ञान-कौशल्य आलं का, वागणूक बदलली का, संस्थेची पद्धत बदलली का, पेशंटला फायदा झाला का. तुमचा फॉर्म पहिल्या दोन पायऱ्यांवर संपला. ती मुलगी चौथ्या पायरीवर उभी होती.

वरच्या पायऱ्यांवर पुरावा आहे का तर आहे, पण मिश्र. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेले अभ्यास शोधून एकत्र तपासतात तो) कडक निकषांत बसलेले 15 अभ्यास होते, 7 मध्ये चांगला परिणाम, 4 मध्ये काही बाबतींत चांगला काहींत नाही, 4 मध्ये फरकच नाही. त्यांत व्यावसायिकांचं प्रशिक्षण होतं, वर्गातली मुलं नव्हती, हेही ध्यानात असू द्या. मला यातून काढायचा अर्थ एवढाच की कार्यक्रम चांगलाच असणार हे गृहीत धरून मोजमाप सोडून देऊ नका.

तुम्ही वागणूक बघा. आणि "टीमवर्क: 10 पैकी" असा एक रकाना नको, त्यात परीक्षक बोलका मुलगा बघून 8 देतो. दिसणारी कृती लिहा: दुसऱ्या शाखेला नेमका प्रश्न विचारला का, मिळालेलं उत्तर परत म्हणून खात्री केली का, असहमती मांडली का, कोणी गप्प असेल तर त्याला बोलतं केलं का, पेशंटला काय हवंय ते चर्चेत आणलं का. झालं / अर्धवट / नाही. बास.

---

औषधवाला

आकडेमोड यांच्याशी सहमत पण एक शंका. गप्प बसलेल्याला बोलतं केलं का हे तुम्ही एकाच वीस मिनिटांच्या सत्रात बघणार आणि त्यावर मुलाचा निकाल लावणार? एक केस बघून ठरवणं योग्य नाही, स्ट्रोकच्या केसमध्ये मी बोलका असेन कारण मला ते औषध माहीत आहे, दुसऱ्या केसमध्ये माझ्याकडे सांगण्यासारखंच काही नसेल.

दुसरं, मार्कच नसावेत असं म्हणणारे आहेत, मी त्यातला नाही. आमच्याकडे आयपीई ऐच्छिक होतं तेव्हा परीक्षेच्या महिन्यात 40 पैकी 6 मुलं आली. तेही पाच शाखांपैकी एकाच शाखेला क्रेडिट आणि बाकीच्यांना फुकट, म्हणजे एका गटात एकाला पडलेलं आणि चौघांना नाही. ठेवायचं तर सगळ्यांना सारखं ठेवा.

---

आकडेमोड

शंका रास्त आहे. एका निरीक्षणावर निकाल लावूच नका. किमान तीन केसेस, वेगवेगळे परीक्षक, आणि त्यातला निदान एक मुलाच्या शाखेबाहेरचा. परीक्षकांना आधी एकच व्हिडिओ दाखवून गुण द्यायला लावा, मग चर्चा. पहिल्यांदा तुम्हाला धक्का बसेल, एक जण ज्याला "छान नेतृत्व" म्हणतो त्यालाच दुसरी "कोणाला बोलू दिलं नाही" म्हणते.

आणि पास / परत करा एवढंच ठेवा. 7 आणि 8 मधला फरक सांगता येण्याइतकं हे मोजमाप बारीक नाही, मग तो फरक गुणपत्रिकेवर छापू नये.

---

शुश्रूषा_शिक्षिका

किती मिळालं या धाग्यातून! दोन दिवस हेच वाचतेय. टाइमटेबलचं कोणी बोललं नाही मात्र, ते कसं फोडायचं? आणि कुठल्या वर्षाची मुलं घ्यायची, मेडिकलचं तिसरं आणि नर्सिंगचं तिसरं असं सरळ जुळवू का?

---

जुना_प्राध्यापक

वर्ष जुळवू नका, वॉर्डचा अनुभव जुळवा. नर्सिंगची मुलं फार लवकर पेशंटला हात लावतात, त्याच आकड्याच्या वर्षातला दुसऱ्या शाखेचा मुलगा कदाचित अजून पुस्तकातच असेल. मग एकाला केस पोरखेळ वाटते आणि दुसऱ्याला काही समजत नाही. ज्याला आपलं स्वतःचं काम अजून धड माहीत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? पहिल्या वर्षी ओळखीपुरतं एखादं सत्र ठेवा, मुख्य काम नंतरच.

टाइमटेबलला नवे तास मागितलेत तर पाचही जण नाही म्हणणार. प्रत्येक डिग्रीत संवादकौशल्य, नीतिशास्त्र, रुग्णसुरक्षा हे वेगवेगळं शिकवतातच, तेच तास काढून एकत्र आणा. पाच विभागप्रमुखांना एका टेबलाशी बसवून वर्ष सुरू व्हायच्या आधी पंधरवड्याला एक अर्धा दिवस सगळीकडे समान अडवून घ्या, नंतर मागून मिळत नाही. आणि 48 गट एकाच दिवशी नको, 24-24 च्या दोन फेऱ्या करा म्हणजे 24 शिक्षक पुरतील.

त्या 24 जणांना मात्र तयार करा. मी शिक्षक म्हणून पहिल्या सत्रात बसलो तेव्हा प्रत्येक प्रश्न मेडिकलच्या मुलांकडेच टाकत होतो आणि मला ते कळतही नव्हतं, एका फिजिओच्या सहकारी बाईंनी सत्रानंतर बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरलो नाही.

---

गिळणं_बोलणं

सत्रानंतरची चर्चा कापू नका एवढंच. केसला 40 मिनिटं दिलीत तर चर्चेलाही तेवढीच द्या. आमच्याकडे एकदा केस लांबली, चर्चा पाच मिनिटांत उरकली, आणि ज्या मुलाला सगळ्यांनी मध्येच तोडलं होतं तो तसाच घरी गेला.

---

शेवटच्या_वर्षाची

आणि चर्चेत आधी सगळ्यात कमी बोललेल्याला विचारा प्लीज.

---

शुश्रूषा_शिक्षिका

हो, ते लिहून घेतलं, सत्र घेणाऱ्यांच्या कागदावर पहिल्या ओळीत टाकतेय.

तर सध्या असं ठरवलंय. तीन केसेस, पहिली घट्ट द्रवांची, दुसरी पार्किन्सन्सचं वेळापत्रक, आणि तिसरी मी आमच्याच वॉर्डवरून लिहितेय, दशांश चिन्हाची. त्यात मेडिकलच्या मुलाच्या पानावर चुकीचा डोस मुद्दाम असेल, त्याला माहीत नसेल, आणि नर्सिंग आणि फार्मसीच्या पानावर ती चूक ओळखण्यापुरती माहिती असेल. चर्चेत तो डोस आम्हीच चुकीचा दिला होता हे आधी स्पष्ट सांगणार, त्या मुलाला कमीपणा यायला नको, ऐकून घेतलं का एवढंच त्याच्याकडून बघायचंय. बोलायची वाक्यं दुसऱ्या केसच्या आधी सगळ्यांकडून म्हणून घेणार, फक्त नर्सिंगकडून नाही. लिहिणारा आणि चर्चा चालवणारा दर केसला बदलेल, चिठ्ठी काढून.

पास / परत करा पाचही शाखांना सारखं, यासाठी विभागप्रमुखांची मीटिंग मागितलीय. फॉर्म काढून टाकत नाहीये पण त्याचा अहवालात एकच परिच्छेद असेल. आणि तीन महिन्यांनी वॉर्डच्या सिस्टर्सना आणि रेसिडेंट्सना विचारणार की या बॅचच्या मुलांनी शंका बोलून दाखवली असं कधी झालं का, झालं असेल तर प्रसंग लिहून द्या.

त्या मुलीला परवा फोन केला होता, आता ती नोकरी करते. तिसरी केस तिच्यावरून लिहू का विचारलं, नाव अर्थातच नाही. लगेच हो म्हणाली, आणि म्हणाली जमलं तर चर्चेला मी पण येते. आकडेमोड, कृतींची यादी उद्या इथेच टाकते, तेवढी तपासून द्या.